पाट्यावरची कानस

चिंचवड,
ता. २१ जानेवारी १९५८

प्रिय विमल,

हे पत्र टपालात टाकत नाही. आबाजी उद्या पहाटेच्या एस्टीनं संगमनेरला चाललेत, त्यांच्या हाती देतोय. आईला आधी दाखवू नकोस. माडीवर जा, दार लोटून घे आणि एकटीनं वाच. सातवा महिना लागलेल्या बहिणीला असं काही लिहू नये हे मला कळतं, पण दुसऱ्या कुणाच्या तोंडून तुझ्या कानावर येण्यापेक्षा माझ्याकडून आलेलं बरं.

तुझ्या दिराच्या, चिमाजीच्या अपघाताची बातमी तुला कळलीच असेल. खेडच्या घाटात गाडी उलटली, डावा पाय मांडीपासून काढावा लागला, जीव वाचला. कुरुळीहून तुला एवढंच कळवलं असणार, आणि एवढं खरंच आहे. पण ही गोष्ट घाटात सुरू झालेली नाही. ती दिवाळीनंतर माझ्या शेडमध्ये सुरू झाली.

चिमाजी एका दुपारी गाडी घेऊन आला. तुमची ती लढाईतली पिकअप, नंतर डिझेलचं इंजिन बसवलेली. तुझ्या लग्नाला आपलं वऱ्हाड त्याच गाडीतून कुरुळीला गेलं होतं आणि अंबूआत्याला सगळी वाट ओकाऱ्या होत होत्या, आठवतं? चिमाजी म्हणाला, भाऊ, स्टिअरिंग डावीकडं ओढतंय, चाकणचे कांदे भरले की जास्तच ओढतंय. मी म्हटलं, जुन्या गाडीला एवढं चालायचंच. त्याला बसायला बाकडं दिलं, पुढून जॅक लावला आणि डावं चाक काढलं.

पुढच्या चाकाचा सगळा भार पाट्यांवर असतो. पोलादाचे पाटे एकावर एक बांधलेले असतात आणि त्यातल्या सर्वांत लांब पाट्याच्या टोकाला गोल डोळा असतो. त्या डोळ्यानंच पाटा गाडीच्या सांगाड्याला धरलेला असतो आणि पाट्याला पुढचा आस. तो पाटा डोळ्यापाशी तुटला की चाक जागचं सरकतं, मग स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी तिला हवी तिकडेच जाणार. मी पाटे सोडवून रॉकेलनं धुतले. डोळ्याच्या थोडं अलीकडे ग्रीस जरा जास्तच थापलेलं होतं. ते निघालं आणि खाली एक सरळ चीर दिसली. पोलाद आपणहून तडकतं तेव्हा चीर वेडीवाकडी जाते, आत गंज धरतो. ही चीर आखल्यासारखी सरळ होती आणि आतून चकाकत होती. कुणीतरी तीनधारी कानशीनं पाटा अर्ध्याच्या वर कापला होता.

चिमाजी बाकड्यावर बसून शेंगा खात होता. मी त्याला एवढंच सांगितलं की पाटा गेलाय, गाडी इथंच राहू दे, दादाला पाठवून दे. विमल, खरं सांगतो, तेव्हा माझा संशय चिमाजीवरच गेला. दोघा भावांत वाटणीवरून सहा महिने धुसफुस चालली होती. सडकेकडच्या रानाला कारखानेवाले येऊन बघून गेले आणि चिमाजीनं त्यातला आपला निम्मा हिस्सा मागितला, हे मला तूच सांगितलं होतंस. गाडी बहुतेक वेळा यशवंतराव चालवायचे. मला वाटलं, तुझ्याच कुंकवावर कुणीतरी टपलंय. ती रात्र मी कशी काढली ते माझं मला ठाऊक.

दुसऱ्या दिवशी यशवंतराव आले. मी तो पाटा त्यांच्यापुढे धरला, चिरेवर बोट ठेवलं. मला वाटलं, ते दचकतील, शिव्या देतील, कुणी केलं म्हणून विचारतील. त्यांनी काहीच विचारलं नाही. पाटा हातात घेऊन उन्हात धरला आणि परत दिला.

"हाय तसाच बसवा," ते म्हणाले. "गाडी आता चिमाजीच चालवणार हाय."

मला आधी नीट ऐकू आलं नाही असंच वाटलं. पण ते माझ्याकडे बघत उभे होते, मी समजलो की नाही ते पाहत. पिंपरीच्या कारखान्याचा भोंगा झाला तरी ते हलले नाहीत. मी म्हटलं, दाजी, हे माझ्या हातून होणार नाही. मी त्यांच्या समोर नवा पाटा बसवला, बोल्ट आवळले, उजवीकडचे पाटेही सोडवून पाहिले. ते साफ होते. यशवंतराव शेवटपर्यंत उभे राहिले. गाडीत चढताना हळू आवाजात म्हणाले, "विमल बाळंत होऊन परत येईल. तिनं सुखानं नांदायचं का न्हाई, ते तुमच्या हाती हाय."

हाच माणूस आपले वडील गेले तेव्हा भर पावसात नदी ओलांडून संगमनेरला आला होता. मला शेडसाठी ही जागा त्यांनीच मिळवून दिली. म्हणून मी बरेच दिवस स्वतःशी घोळवत राहिलो, की रागाच्या भरात बोलले असतील, आता विषय संपला असेल. तरी गप्प बसवेना. चाकणच्या बाजाराला गेलो, चिमाजीला गाठलं, कापलेला पाटा पिशवीतून काढून दाखवला आणि दादा काय म्हणाला तेही सांगितलं. त्यानं चिरेवरून अंगठा फिरवला आणि हसला.

"आमचं भांडन बांधाचं हाय भाऊ," तो म्हणाला, "जिवाचं न्हाई."

वर मलाच समजावू लागला, की दादानं त्याला खांद्यावर बसवून शाळेत पोचवलंय, एखाद्या मवाल्यानं खोडी केली असेल. मी त्याच्याकडून एवढं वचन घेतलं की रोज सकाळी निघण्याआधी दोन्हीकडचे पाटे हात लावून बघायचे. तो बघत होता की नाही, देव जाणे. तुझा दीर कसा आहे ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. पहिल्या वर्षी तुला हिवतापानं घेरलं तेव्हा महाळुंग्याच्या वैद्याकडे तुला पाठीवर घेऊन चालत गेलेला तो. कुणाचं वाईट त्याच्या डोक्यातच येत नाही.

संक्रांत झाली आणि तो घाटात पडला. पोलीस हवालदार मला सोबत घेऊन गेले, कारण गाडीचं काम मी केलेलं. गाडी एका मोठ्या धोंड्याला अडकून राहिली होती, खाली पन्नास हात खोल दरी. मी डावीकडचा पाटा पाहिला. मी बसवलेला, जसाच्या तसा. मग उजवीकडे गेलो. तो डोळ्यापाशी तुटला होता. तुटलेल्या तोंडाचा अर्धा भाग खरखरीत होता आणि अर्धा आरशासारखा गुळगुळीत, कानशीचे वळ दिसत होते. हवालदारांनी विचारलं, काय वाटतं मिस्त्री? मी म्हटलं, शेडमध्ये सोडवून नीट बघतो, मग जबानी देतो. तो पाटा आता गोणपाटात गुंडाळून माझ्या खाटेखाली ठेवलाय.

परवा तुझ्या सासूबाई आल्या. बैलगाडीतून एकट्या, गड्याला बाहेर थांबवून. त्यांना सगळं माहीत आहे, विमल. कसं ते मी विचारलं नाही. रडल्याही नाहीत. पाणी दिलं ते तसंच खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "एका लेकाचा पाय गेलाय. दुसऱ्याला फास लावू नका." मला त्यांच्याकडे बघवेना. जाताना त्यांनी माझ्या पायाला हात लावला. मी मागं सरकलो, पण तोवर त्यांचा हात लागला होता.

काल पुण्याला इस्पितळात गेलो. यशवंतराव चिमाजीच्या उशाशी बसले होते. वॉर्डातले सगळे म्हणतात, भाऊ असावा तर असा. रात्रंदिवस जागा सोडत नाहीत, हातानं भरवतात. माझ्या देखत त्यांनी पेला चिमाजीच्या ओठांना लावला. चिमाजीनं पाणी तोंडात घेतलं आणि गिळण्याआधी पेल्यावरून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेनं मला सगळं सांगितलं. आता तो हसत नाही. यशवंतराव औषध आणायला खाली गेले तेव्हा त्यानं माझं मनगट धरलं.

"खरं सांगू नका भाऊ," तो म्हणाला. "वैनी उघड्यावर पडंल. तिचं लेकरू यायचंय."

इतकं सोसूनही त्याला तुझीच काळजी. मी बाहेर आलो तेव्हा माझंही जवळजवळ ठरलं होतं, की जुनी गाडी होती, पाटा तुटला, असंच लिहून द्यायचं. सासूबाई तेच म्हणतात, ज्याचा पाय गेला तोही तेच म्हणतो, मग मी कोण? पण जिन्यात यशवंतराव भेटले. माझ्या खांद्यावर हात ठेवून अगदी मायेनं म्हणाले, डाक्टर नको म्हणतायत, तरी गुरुवारी सोडवून नेतोय त्याला. गावातल्या गलबल्यात आराम पडायचा न्हाई, मी त्याला मळ्यातल्या खोपीवर ठेवणार हाय. त्याचं समदं मी एकटाच करीन, दुसऱ्या कुणाला येऊ देणार न्हाई.

म्हणून हे पत्र, विमल. उद्या सकाळी मी तो पाटा घेऊन पोलिसांकडे जातोय आणि शेडमध्ये यशवंतराव जे बोलले ते शब्दाला शब्द सांगणार आहे. तुला हे पत्र मिळेल तोवर माझी जबानी झालेली असेल. तुझा संसार मी माझ्या हातानं मोडतोय आणि तुझी परवानगीही मागत नाही. कारण तू हो म्हणालीस तर ते ओझं जन्मभर तुझ्या मानेवर राहील आणि नाही म्हणालीस तर मला ऐकता येणार नाही. जबानी देऊन मी तिकडे येतोच; माझ्या आधी यशवंतराव तुला न्यायला आले तर उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू नकोस. आईला म्हणावं, दाराला कडी घाल. तुझं बाळंतपण इथं माझ्याकडे होवो की तिकडे, त्या पोराचं सगळं मी बघेन. पुढं ते विचारेल, माझ्या बापाला कुणी धरून दिलं, तेव्हा माझं नाव सांग. माझ्याशी बोलावंसं वाटलं नाही तरी सांग.

तुझाच,
ज्योतीअण्णा