चांदी काढून पांढरं

२ जून, मंगळवार

झुल्मिराबाई परत आल्या. शाळेतल्या बाई – अर्ध्या गावाला, मलासुद्धा, अक्षरं त्यांनीच शिकवलेली. दाढ माझ्याच हातची, मार्चात भरलेली. "जुसारा, नुसतं दुखत नाही गं. चावून दात सोडले ना, की कळ जाते ती थेट कानात."

मी म्हटलं, बसेल हळूहळू. हे वाक्य मी गेल्या महिन्याभरात नऊ जणांना ऐकवलंय. मोजायचं नाही ठरवलं होतं, तरी मोजलं.

३ जून

एक्स-रे साफ. कीड नाही. भरलेल्याची उंची घासून कमी केली, तरी कळ आहेच. क्लिनिकचे मालक डॉक्टर वाल्देमीर म्हणाले, "माणसं नाजूक झालीत हल्ली." त्यांचे पेशंट नाही होत नाजूक. माझेच कसे होतात!

५ जून, शुक्रवार

मदतनीस नेउझाताई आज हत्यारं धुता धुता बोलली. बावीस वर्षं या खुर्चीशेजारी उभी आहे, सहसा बोलत नाही.

"रागावू नका डॉक्टर. तुमच्या आधीचे डॉक्टर तांदळाच्या दाण्याएवढं सिमेंट घालायचे, लाइट मारायचे, परत दाण्याएवढं. पाच-सहा वेळा. तुम्ही एकदम कोंबता."

मी रागावलेच. एका पेशंटला वीस मिनिटं मिळतात बाई, दाणे मोजत बसू का, म्हटलं. ती परत हत्यारं धुवायला लागली.

तिचं बरोबर होतं, मला माहीत होतं. परीक्षेत पानभर लिहून आलेय मी. पांढरं सिमेंट निळ्या लाइटखाली घट्ट होताना आकसतं. खाली तळ आणि चारी बाजूंना भिंती, सगळीकडे चिकटलेलं. मोकळं फक्त वर. मग ते भिंतींनाच आत ओढतं. एक तर चिकटलेलं सुटतं आणि फट पडते, नाही तर दाढच तडकते. म्हणून थोडं थोडं भरायचं, तिरकं, एका वेळी एकाच भिंतीला लावून. बाबा घरी चीज बनवतात, ते साच्यात आकसून कडेने सुटलं की खूश होतात, चीज झालं म्हणून. दाढेत तेच झालं की माणूस बोंबलतो. इतकं सोपं आहे. आणि मी दहा महिने एकदम कोंबतेय, वीस मिनिटांत बसवायला.

९ जून

बरणीतल्या काढलेल्या दाढा घेतल्या, चार. दोन माझ्या पद्धतीने भरल्या, दोन नेउझाताई सांगते तशा. निळ्या रंगात बुडवून ठेवल्यात; फट असेल तिथून रंग आत शिरेल. देवा, काहीही दिसू दे, फक्त माझ्या दाढांत फट दिसू देऊ नको.

१० जून

कापल्या. नेउझाताईच्या दोन्हींत निळं कडेलाच थांबलं. माझ्या दोन्हींत भिंतीलगत पार तळापर्यंत.

११ जून

रजिस्टर काढून बसले. ऑगस्टपासून एकशे सत्तावीस खोल दाढा.

सगळ्यात पहिलं नाव – ओनोफ्रे. बाबा.

क्लिनिकमधला माझा पहिलाच आठवडा होता. त्यांच्या दाढेत तीस वर्षांची चांदी, ठणठणीत. पण बाबा हसतात ते पडजीभ दिसेस्तोवर, आणि मग ते काळं दिसायचं. डॉक्टरीणबाईच्या बापाचं तोंड असं? "अगं राहू दे, तिने तुझं काय वाकडं केलंय?" म्हणाले होते. मी काढलीच. कौतुकाने पांढरं भरलं – एकदम कोंबून. डाव्या बाजूला त्यांना दाढाच नाहीत. चावायला होती ती ही एकच.

१५ जून, सोमवार

वाल्देमीरना सांगितलं: सगळ्यांना बोलवते, फुकट परत भरून देते. "आणि गावाला काय सांगशील? चुकलं म्हणून? मग या गावात कुणी तोंड उघडेल का तुझ्यापुढे?" फुकट करायचं असेल तर दुसरं क्लिनिक बघ, म्हणाले.

जेवण जात नाही. आज एक साधी दाढ भरायला पाऊण तास लावला.

१७ जून

बाबांना फोन केला. दाढ कशी आहे? "दगड फोडतो तिने." मला रडू आलं, फोन ठेवला.

२४ जून, संत जोआंवची जत्रा

शेकोटीपाशी सगळं गाव. शेंगदाण्याची चिक्की फिरली. बाबा दर वर्षी कडाकडा फोडून खातात. आज हळूच खिशात टाकली. मक्याचा मऊ शिरा खाल्ला आणि पाव, तोही कॉफीत बुडवून. म्हणजे दुखतंय. गेल्या नाताळातही पाव बुडवूनच खात होते, मला तेव्हा काही वाटलं नाही. कसली डॉक्टर मी!

बाजूला घेऊन विचारलं. "छे गं!" आणि सगळ्यांसमोर उजव्या गालावर थाप मारली. "माझ्या पोरीच्या हातची दाढ आहे ही!"

झुल्मिराबाई शेजारीच होत्या. मग मला हळूच म्हणाल्या, "मला त्यानेच पाठवलं तुझ्याकडे. बाजारात अशीच थाप मारून दाखवली होती. म्हटलं, बापाची एवढी छान भरलीय, तर जाऊ या."

मी त्यांना तिथेच सांगून टाकलं. माझं चुकलंय. शनिवारी या, परत भरते. त्या म्हणाल्या, येते.

२५ जून

जत्रेतलं वाल्देमीरपर्यंत पोचलं. म्हणाले, महिनाअखेरपर्यंत राहा, मग दुसरं क्लिनिक बघ. बरं, म्हटलं. पाच दिवस आहेत, जमतील तेवढ्या परत भरायच्या. पहिली दाढ बाबांची.

२६ जून, शुक्रवार

बाबा खुर्चीत बसेचनात. मग बसले. तोंड उघडलं.

दाढ नाहीच. जागा भरून आलेली, गुळगुळीत. नवीन वर्षाच्या आठवड्यात बसने शेजारच्या गावी जाऊन काढून आले होते. "तुझ्याकडे तेव्हा कुठे माणसं यायला लागली होती," म्हणाले.

झुल्मिराबाई मार्चात आल्या. म्हणजे बाजारात थाप मारली, तेव्हा त्या गालात दाढच नव्हती.