मामांची लेन्स, माझा कॅमेरा

तीर्थरूप मामांना,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे तूर्त उभ्यानेच घातला आहे, आडवा समजून घ्यावा.) इकडे सगळं ठीक. तुमच्या गुडघ्यांची, खोकल्याची आणि मामीच्या रागाची चौकशी करतो. मोतीबिंदूची करत नाही, कारण ऑपरेशनचं नाव काढलं की तुमचा फोन आपोआप कट होतो.

तर तुम्ही दिलेली ती जुनी लेन्स. तुमचा फिल्मचा कॅमेरा निवर्तला तरी लेन्स धडधाकट, म्हणून ती माझ्या डिजिटल कॅमेऱ्याला बसवायचीच असं मी मनावर घेतलं. दोघांची तोंडं जुळत नाहीत, म्हणून मध्ये धातूची एक कडी लागते, तिला अडॅप्टर म्हणतात. मी सगळ्यात स्वस्तातली मागवली. (तुमचाच भाचा, दुसरं काय करणार!) कडी बसली, लेन्स बसली आणि कॅमेरा म्हणाला, लेन्स लावलेली नाही. एवढं वजन नाकावर घेऊन तो हे म्हणत होता! शेवटी सेटिंगमध्ये शिरून, बाबा रे, लेन्स नसली तरी फोटो काढ, अशी त्याची समजूत घातली.

नेमकं त्याच आठवड्यात ताईने शिवणकामाचं दुकान उघडलं. फोटोग्राफर कशाला, मी आहे ना, असं मी छातीठोकपणे सांगून बसलो. सगळी मंडळी पाटीखाली उभी राहिली. या लेन्सचा फोकस हाताने कडं फिरवून करावा लागतो, हे तुम्हाला मी काय सांगायचं! मी फिरवत राहिलो, मंडळी हसत राहिली. भावजींचं हसू हळूहळू दाढदुखीवर गेलं. कडं पार शेवटाला टेकलं, तरी पाटी धूसरच. अडॅप्टर केसभर जाड निघाला होता, त्यामुळे लांबचं काही स्पष्ट दिसेचना, हातभर अंतरावरचं मात्र लख्ख. म्हणून मी पुढे पुढे सरकलो, तर अख्खं दुकान बाहेर गेलं आणि फोटोत भावजींचं नाक तेवढं उरलं. ताई म्हणाली, "अरे, मी कपडे शिवते, नाकं नाही!"

शेवटी लांबून काढलेला धूसर फोटोच मोठा छापून सगळ्यांना पाठवला. (नाचता येईना अंगण वाकडं, हे मलाही ठाऊक आहे. पण इथे अंगण खरंच वाकडं होतं.) ताईने अबोला धरला. आईने विचारलं, यातली मी कुठली? फक्त तुम्ही फोनवर म्हणालात, "छान आलाय रे! पाटी तर काय झकास!" त्या दिवशी मी घरात ताठ मानेने फिरलो.

मामीला नमस्कार, आणि तुमचा लोभ आहे तेवढाच राहू द्या.

तुमचा भाचा

ता. क. मामा, ती पाटी खुद्द ताईलाही वाचता येत नाही. माझ्या एकाही फोटोला तुम्ही आजवर बरा म्हटलेलं नाही. तुमचं "छान" ऐकून आधी मी फुगलो, मग मामीला फोन लावला.

आणखी ता. क. हे पत्र मामीच तुम्हाला वाचून दाखवत असणार. आता उठू नका, तिला मी दाराशी खुर्ची टाकूनच वाचायला सांगितलं आहे. मंगळवारी डॉक्टरांची वेळ घेतली आहे, मी सोमवारी येतोय. घाबरण्यासारखं काही नाही. मी नव्या कॅमेऱ्याला जुनी लेन्स लावली, डॉक्टर जुन्या कॅमेऱ्याला नवी लावणार, आणि त्यांना अडॅप्टरही लागत नाही. घरी आलात की तो फोटो नीट बघा आणि मला पोटभर शिव्या द्या. त्याशिवाय मला चैन पडायचं नाही.