पितळी ओळंबा आप्पांना

आणि आप्पा, जावई चालतो मग मुलगा का नाही, हे मी तीन वर्षं मनातच विचारतोय. घरी तुमच्या फ्रीमेसन लॉजचा विषय निघाला की तुम्ही चष्मा पुसायचा, "वेळ आली की बघू" म्हणायचं आणि उठून जायचं. म्हणून हे कागदावर. कागदापुढून उठून कुठे जाल?

मी, खाली सही करणारा, वय सव्वीस, धंदा गवंडीकाम, शिक्षण सातवी नापास, पूर्ण शुद्धीत, कोणाच्या दबावाखाली नसताना आणि दारू न पिता हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. नमुना कामगार कॅम्पच्या कारकुनाचा, मधलं माझं. कारण, उद्यापासून आम्हाला कारखान्याच्या चिमणीत आतून विटा बदलायच्या आहेत. गेल्या महिन्यात तिथूनच एक जण दोराच्या पाळण्यासकट खाली आला. तेव्हापासून मी रात्री उठून पाळण्याच्या दोराच्या गाठी तपासतो. कॅम्पच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, "छाती ठणठणीत आहे. ही नुसती भीती."

कलम एक. बँकेतली शिल्लक ताईला द्यावी. भावोजींनी त्या पैशांना हात लावू नये. त्यांच्यावरचा राग मात्र मी सोडतो, कारण पुढे आहे.

कलम दोन. मोटारसायकल मेकॅनिककडे पडून आहे, ती त्यालाच द्यावी. त्याने ती कधीच आपली मानली आहे.

कलम तीन, अवजारं. थापी आणि पाणसळ माझ्या जोडीदाराला. काटकोन बघायचा गुण्या कोणालाही देऊ नये, तो वाकलाय. त्यावर भिंत उभी राहिली तर शिव्या मला मेल्यावरही पडतील. पितळी ओळंबा आप्पांना. तुमच्या लॉजमध्येही खूण म्हणून ओळंबा असतो म्हणे, पण त्याने कधी भिंत पाहिलेली नाही. माझ्याला सिमेंट लागलंय, खरवडू नका.

कलम चार. हे मुद्द्याचं. माझे वडील शाळामास्तर. शाळा सुटली की गटार साफ करणाऱ्यांना अक्षरं शिकवायचे, सुट्टीत डोळ्यांच्या शिबिरात म्हाताऱ्यांना हाताला धरून रांगेत उभं करायचे. आणि दर दुसऱ्या शनिवारी काळा कोट, पांढरे हातमोजे, पेटीत चामड्याचा एप्रन, की निघाले फ्रीमेसन मंडळींच्या बंद दाराआडच्या सभेला, लॉजला. गल्लीतली पोरं त्या इमारतीला भूतबंगला म्हणायची. मला विचारायची, "तुझे आप्पा आत बकरा कापतात का रे?" मी घरी येऊन तेच विचारलं. आप्पा म्हणाले, "बकरा नाही रे. उशीर झाला तर माझीच मान कापतात." आणि पेटी उचलून निघाले.

मी वाट पाहिली. एकविसाव्या वर्षी पहिल्या कमाईतून काळा कोट शिवून घेतला, तो दारामागे मुद्दाम तुम्हाला दिसेल असा टांगला. तुम्ही बघितलात आणि चष्मा पुसत बाहेर गेलात. मग तीन वर्षांपूर्वी एका शनिवारी तुमच्याबरोबर भावोजी पेटी घेऊन निघाले. दुसऱ्या दिवशी मी बॅग भरली.

आता ऐका. डॉक्टरांच्या अंगठीवर गुण्या आणि कंपास आहे, अगदी तुमच्या पेटीवरचा. ते पाहून मी सगळा राग त्यांच्यावर काढला. त्यांनी ऐकून घेतलं.

"अरे बाबा, आम्ही कोणालाच बोलवत नाही. पोटच्या पोरालाही नाही, तसा नियमच आहे. ज्याला यायचंय त्याने स्वतः मागायचं. तू मागितलंस?"

"कोट टांगला होता."

"कोट बोलतो का रे? तुझ्या भावोजींनी तोंड उघडलं असेल. तुझे वडील अजून वाट बघत असतील बिचारे."

ताई फोनवर सांगते, तुम्हाला आता लॉजचा जिना एका दमात चढवत नाही. मधल्या पायरीवर बसता, मग उठता. ते ऐकल्यापासून मला चिमणीपेक्षा त्या पायरीचीच धास्ती आहे.

कलम पाच. मी मेलो तर वरचं सगळं लागू. नाही मेलो तर वरचं सगळं रद्द आणि हे एकच लागू: आप्पा, मला तुमच्या लॉजमध्ये यायचंय. मी मागतो आहे. अर्जावर दोन सभासदांच्या सह्या लागतात. पहिली तुमची, दुसरी भावोजींची चालेल. कोट ताईच्या कपाटात आहे. माझे खांदे भरलेत, उसवून ठेवायला सांगा. आणि तोवर त्या पायरीवरून उठत राहा.

साक्षीदार: १. कॅम्पचे डॉक्टर. २. क्रेनवाला (त्याने वाचायला मागितलं, दिलं नाही).
ठिकाण: कॅम्पची पत्र्याची खोली. तारीख: चिमणीत उतरण्याच्या आदल्या दिवशीची, रविवार.
सही: तुमचा मुलगा

सोबत प्रवेश फी, डॉक्टरांना अंदाज विचारून. भावोजींकडून घेऊ नका. साडेसात हजार.