प्याल्याबाबत प्रभूची इच्छा

७ एप्रिल, सोमवार
कूलरसाठी एक्स्टेंशन बोर्ड शोधताना नाताळच्या सजावटीचा खोका उघडला. चांदणीच्या खाली, पेपरात गुंडाळलेला, चर्चचा प्रभुभोजनाचा प्याला. नाताळच्या गर्दीत हरवू नये म्हणून मीच घरी आणून जपून ठेवला होता. आज आठवलं.

जानेवारीत याच प्याल्यापायी चर्चचा शिपाई तोताराम याला चोर ठरवून काढलं. ठराव सेक्रेटरी या नात्याने मी मांडला. विश्वासूपणावर दहा मिनिटं बोललोही. छान झालं होतं. तोताराम आता धुळ्याला, मुलीकडे.

उद्याच पाळकसाहेबांना सांगणार.

८ एप्रिल, सकाळी ६
घाई नको. आधी प्रभूची इच्छा पाहिली पाहिजे. माणूस आपल्याच मनाने खरं बोलायला लागला, तर देवाला काय काम उरलं?

१० एप्रिल
डोळे मिटून पवित्रशास्त्र उघडलं, बोट ठेवलं. वंशावळ निघाली. सगळी नावं वाचली. तोताराम नाही.
दुसऱ्यांदा निघालं, अर्पण राहू दे, आधी जाऊन भावाशी समेट कर. मला तीन बहिणी. लागू नाही.

११ एप्रिल
जेवण जात नाही. शेवटी बायकोला, कुंदाला सांगितलं. ती म्हणाली, यात देवाला काय विचारायचं, धुळ्याला जा, माफी मागा, आणि रविवारी सगळ्यांसमोर सांगा म्हणजे झालं. बायकांना देवाची इच्छा फार पटकन कळते.

जुन्या करारात एकाने अंगणात लोकर ठेवून खूण मागितली होती. आपल्याकडे टॉवेल आहे. पहाटे दवाने ओला निघाला, तर सांगायचं. कुंदा म्हणाली, भुसावळला, एप्रिलात, दव? देवाला अशक्य काय आहे, असं मी म्हणालो.

१२ एप्रिल
टॉवेलचा पापड.

१३ एप्रिल
खात्रीसाठी पुन्हा ठेवला होता. टॉवेल चिंब. पण कूलरची नळी निघालेली दिसली. नळीचा पुरावा धरता येत नाही.

१६ एप्रिल, बुधवार
मन फारच खायला लागलं. धुळ्याच्या बसने निघालोच. खिडकीची जागा मिळाली तर तुझी इच्छा, असं प्रभूला सांगितलं. मिळाली. जळगावला चहाला उतरलो. चहा फार गरम होता. बस गेली. दार प्रभूनेच बंद केलं म्हणायचं. (धुळ्याची पुढची बस वीस मिनिटांत होती.) मेहरूण तलावावर बसून प्रार्थना केली आणि घरी आलो.

१८ एप्रिल, गुड फ्रायडे
शिष्याने प्रभूला तीनदा नाकारलं, तो भाग वाचायची पाळी नेमकी माझी. आवाज बसला. मंडळीला वाटलं मी भारावलो. दोघांनी हात हातात घेतला.

१९ एप्रिल
मार्ग सापडला. उद्या पहाटेची पुनरुत्थानाची उपासना. किल्ली माझ्याकडेच असते. लोक यायच्या आधी जाऊन प्याला वेदीवर ठेवायचा. बोलायचं काही नाही. प्याला परत, तोताराम मोकळा, आणि मला कसलंही श्रेय नको.

२० एप्रिल, ईस्टर
ठेवला. पाळकसाहेबांचे डोळे भरून आले. सगळं ठरल्याप्रमाणे झालं. फक्त एक घोटाळा. तोताराम सणासाठी धुळ्याहून आला होता, शेवटच्या बाकावर बसला होता.

पाळकसाहेबांनी प्याला पाहिला, मग तोतारामला पाहिलं. म्हणाले, प्रभूने आज एका हृदयाला स्पर्श केला आहे, आपण त्याला क्षमा करू या. अख्खी मंडळी मागे वळली.

तोताराम उठला. पाळकसाहेबांकडे न बघता मला म्हणाला, "नाना, तुम्हीच सांगा, मी चोर शे का?"

प्रभूची इच्छा इतकी स्पष्ट मी आयुष्यात ऐकली नव्हती. लाज वाटली, अगदी खरी. उभा राहिलो. सगळे बघत होते. मी म्हणालो, आपण डोळे मिटून प्रार्थना करू या.

सगळ्यांनी मिटले. मी मधेच किलकिले करून पाहिलं. तोतारामने मिटले नव्हते.