नोंदीत नसलेली अर्धी गोळी

मंगळ., ३ फेब्रु.
सकाळी सहा नवे रुग्ण, सगळे पंचाहत्तरीच्या पुढचे. सामाईक नोंद (सगळ्या डॉक्टरांची एकच, संगणकावरची) उघडायची तर रुग्णाच्या मोबाइलवर परवानगीचा आकडा येतो. मोबाइल मुलाकडे, मुलगा मीटिंगमध्ये. पाऊण तास त्यातच गेला.

शेवटच्या लोखंडेबाई. एक्याऐंशी वर्षे, निवृत्त मुख्याध्यापिका, विश्रांतवाडीला एकट्या राहतात. मोबाइल स्वतःचा, आकडा चष्मा न लावता वाचला. हृदय, मूत्रपिंड, डोळे अशा तिघा तज्ज्ञांची औषधे एकाच पडद्यावर दिसली. चौदा! दोन परस्परविरोधी, तीन निरर्थक. नऊवर आणली.

मग पर्समधून कागदाच्या पुड्या निघाल्या. नाव नाही, मात्रा नाही. आत अर्धी पांढरी गोळी.
"हे काय?"
"आमच्या भोसले डॉक्टरांची. खांदे धरायचे ना, त्यासाठी. नऊ वर्षं घेते."
या भोसल्यांनी नोंदीत एक अक्षर लिहिलेले नाही. पुड्या केराच्या टोपलीत टाकल्या. म्हटले, जे नोंदीत नाही ते पोटात जाणार नाही.
"त्यांना एकदा विचारायचं का?"
"त्यांनी लिहायला हवं होतं, बाई."
बाईंनी वहीत उतरवून घेतले. खाली तारीखही घातली. असे रुग्ण हवेत.

शुक्र., ६ फेब्रु.
पुड्यांचा नियम फलकावर लावायला सांगितला. मृणाल (समन्वयाचे फोन तीच करते) म्हणाली, "मॅडम, पेशंट घाबरतील." घाबरू देत. घाबरलेला माणूस नीट वाचतो.

भोसल्यांसारखे डॉक्टर अजून चालतात याचेच आश्चर्य. पुडीत काय आहे हे रुग्णाला ठाऊक नाही, दुसऱ्या डॉक्टरला नाही. आणि त्याला विश्वास म्हणायचे.

पाठ दुखते आहे. बसून बसून.

सोम., १६ फेब्रु.
मृ.चा साप्ताहिक अहवाल. लो.बाई : अन्न जात नाही, उठले की गरगरते, खांदे पुन्हा आखडले. मी लिहिले : वयोमान, पाणी वाढवावे, रक्ततपासणी पुढील भेटीत. दोन ओळी. अजून एकतीस रुग्णांचे अहवाल बाकी होते.
बाईंचे पान इतके स्वच्छ दिसत होते. एकही तांबडी खूण नाही.

गुरु., १९ फेब्रु.
शिवजयंतीची सुट्टी. दुपारी लो.बाईंच्या मुलीचा, सुजाताचा, हडपसरहून फोन. आई न्हाणीघरात खाली बसलेली सापडली, शेजारणीने उचलली, जवळच्या रुग्णालयात नेली. मिरवणुकांमुळे रस्ते बंद. सदाशिव पेठेतून तिथे पोहोचायला दीड तास लागला.

रक्तदाब सत्तर. सोडियम तळाला. तिथला तरुण डॉक्टर माझी यादी पाहून म्हणाला, "मॅडम, लिस्ट तर परफेक्ट आहे. मग हे कशानं?"
यादी पुन्हा वरून खाली वाचली. मग यादीत नसलेले आठवले.

नऊ वर्षे, खांदे, अर्धी पांढरी गोळी. स्टेरॉईड. इतक्या वर्षांचे स्टेरॉईड एकाएकी थांबवले तर शरीर कोसळते, हे मी विद्यार्थ्यांच्या तोंडी परीक्षेत विचारत आले.

म्हटले, "स्टेरॉईडचं इंजेक्शन द्या, लगेच. घेत असाव्यात, आणि बंद झालंय."
कुणी बंद केले ते त्याने विचारले नाही. मी सांगितले नाही.

शुक्र., २० फेब्रु.
बाई शुद्धीत, चहा मागितला.

भोसल्यांना फोन केला. पंचाहत्तरीचा आवाज, पाठीमागे दवाखान्याचा गलबला.
"हो, स्टेरॉईडच. अडीच मिलिग्रॅम. माझ्या कार्डावर आहे सगळं."
"पुडीवर का नाही?"
"पुडी बाई उघडतात, आणि बाईंना माहीत होतं बंद करायची नाही म्हणून. तुम्ही टोपलीत टाकायच्या आधी फोन केला असतात तर तुम्हालाही कळलं असतं."
म्हणजे बाईंनी त्यांना सांगितले आहे.
 मग त्यांनी विचारले, "जेवल्या का त्या?"

मंगळ., २४ फेब्रु.
बाईंना घरी सोडले. घरी म्हणजे सुजाताकडे, हडपसरला. रुग्णालयाचा सारांश सामाईक नोंदीत आला : 'रुग्णाने स्टेरॉईड स्वतःहून बंद केले. यापुढे औषधे नातेवाइकांच्या देखरेखीखाली द्यावीत.'
आता हे तिन्ही तज्ज्ञांना दिसणार. सुजाताला दिसणार.
तीनदा वाचले. पडदा बंद केला.

शनि., २८ फेब्रु.
दोघी आल्या. सुजाता उभ्यानेच, "मॅडम, आता आई एकटी राहणार नाही. रेकॉर्डमध्येच आलंय ना. विश्रांतवाडीचा फ्लॅट भाड्यानं देतोय. आठ तारखेला, रविवारी, टेम्पो."
बाई म्हणाल्या, "सुजाता, जरा बाहेर बस."
दार लागेपर्यंत थांबल्या.
"माझ्या नावावर हे कुणी लिहिलं?"
"रुग्णालयाने."
"तुम्ही वाचलंत?"
"हो."
"कधी?"
"मंगळवारी."
"आज शनिवार आहे, डॉक्टर."
आवाज चढला नाही. चढला असता तर बरे झाले असते.
"मी गोळी स्वतःहून बंद केलेली नाही. वहीत आहे, तारखेसकट. पण वही कोण बघतंय? पोरगी माझ्या गोळ्या कुलपात ठेवते. दोन वेळा किल्ली घेऊन येते, आणि गिळली का ते बघायला तोंड उघडायला लावते. नातीसमोर."  मग, "माझं घर चाललंय हो."
मी म्हटले, बघते.
'बघते' म्हणाले मी. हा शब्द मी कारकुनांच्या तोंडून सहन करत नाही.

सोम., २ मार्च
चार खर्डे. पहिल्यात 'समन्वयातील त्रुटी' असे होते, फाडला. दुसऱ्यात भोसल्यांनी नोंद न केल्याचा उल्लेख सर्वांत वर आला होता, तोही फाडला. तिसऱ्यात मी कुठेच नव्हते. चौथा :

'दि. ३ फेब्रु. रोजी स्टेरॉईड माझ्या सूचनेवरून बंद झाले. औषध कोणते, याची चौकशी मी केली नाही. दि. १६ फेब्रु. रोजी लक्षणे कळूनही ओळखली नाहीत. रुग्णाने सूचना तंतोतंत पाळल्या. स्वतःची औषधे घेण्यास व एकटे राहण्यास त्या पूर्णतः सक्षम आहेत.'

आधीची नोंद पुसता येत नाही, माझी तिच्याखाली जाते. मृ.ने वाचले. "मॅडम, वकिलांना विचारलंत?" नाही. "मग आधी विचारा ना." मी बटण दाबले.  कुणी शाबासकी द्यावी असे काही केलेले नाही; सहा दिवस उशिरा केले.

बुध., ४ मार्च
सुजाताचा फोन.
"मॅडम, वाचलं. किती मोठं मन तुमचं! आईच्या समाधानासाठी आळ स्वतःवर घेतलात."
"सुजाता, ते खरं आहे. शब्दन्शब्द."
"हो हो, तुम्ही असंच म्हणणार. अहो, तुमच्याकडून अशी चूक होईल का? आईनंच सांगितलं असणार लिहायला, हट्टी आहे ती. तुम्ही नका त्रास करून घेऊ."
पुन्हा सांगितले. पुन्हा "हो, मॅडम."
बावीस वर्षे मी हा लौकिक जपला. एका म्हाताऱ्या बाईचे घर त्याच्याखाली सापडले आहे, आणि मला तो उचलता येत नाही.
टेम्पो रद्द नाही.

गुरु., ५ मार्च
दुपारी बाईंचा फोन. बारीक आवाजात, सुजाता कामावर, नात टीव्हीसमोर.
"ती तुमचं ऐकायची नाही. तुम्हाला देव समजते. भोसल्यांचं ऐकेल. लहानपणी तिला गालगुंड झालं, त्यांनीच औषध दिलं, तेव्हापासून त्यांना नावं ठेवते, पण ऐकते. रविवारी टेम्पो यायच्या आत दोघं मिळून या. तुम्ही केलंत काय ते त्यांच्यासमोर सांगा, म्हणजे तिला पटेल."
"ते येतील का, बाई?"
"ते येतील. तुम्ही बोलवाल का, ते सांगा."

त्यांचा दवाखाना साडेपाचला उघडतो. आता सहाला दहा कमी. मृ.ला घरी पाठवले. नंबर समोर लिहून ठेवला आहे. एकदा लावला, कंपाउंडरने उचलला, "कोण बोलतंय?" म्हणाला, आणि नाव न सांगताच मी फोन ठेवला.