दादाच्या निधनाचा मसुदा

सोमवार, ४ मार्च. सकाळी ८.
दादा शनिवारी गेला. येत्या रविवारी शाळेच्या हॉलमध्ये शोकसभा. वहिनींची इच्छा एकच: दादानं ज्यांना ज्यांना चष्मे करून दिले त्यांना पेपरात वाचून कळावं, आणि त्यांनी यावं. बातमी लिहिण्याचं काम अर्थातच माझ्याकडे. पाणीपुरवठा कार्यालयात सव्वीस वर्षं मसुदे लिहितोय. पुतणी म्हणाली, काका, मी लिहू का? हसलो. पोरगी डेंटिस्ट आहे. तिनं दात बघावेत.
दुपारपर्यंत उरकतो.

सोमवार, संध्याकाळी ७.
दोन शब्द झाले: 'दुःखद निधन'. खोडले. सुखद निधन कुणी पाहिलंय? पेपरवाल्यांच्या डोक्यात हे कधी शिरणार!

मंगळवार, ५ मार्च.
पेपरच्या ऑफिसात गेलो. काउंटरवरचा कारकून जांभई देत म्हणाला, चौकट पन्नास शब्दांची. जास्त झालं तर खालून कापतो. महत्त्वाचं वर लिहा. हा मला शिकवणार! त्याला मसुद्याचं शास्त्र समजावलं. गाढवापुढे वाचली गीता.

बुधवार, ६ मार्च.
मसुद्याचा नियम: आधी पाठवणाऱ्याचा हुद्दा, मग विषय, मग मजकूर. त्याशिवाय वजन येत नाही.
दादाबद्दल लिहायचं तरी काय? शिक्षण बेताचं. चाळीस वर्षं एका दुकानात बसून चष्म्याच्या काड्या सरळ केल्या. स्क्रू फुकट बसवून द्यायचा. याला कर्तृत्व म्हणत नाहीत. तेव्हा त्याला थोडं वजन यावं म्हणून सुरुवात त्याच्या भावापासून केली. सख्ख्या भावासाठी माणूस एवढंही करणार नाही का?
वहिनींचा फोन. भाऊजी, झालं का? म्हटलं, घाईची कामं बिघडतात. फोन ठेवला. पटलं असावं.

गुरुवार, ७ मार्च. दुपारी ४.५०.
पाचला काउंटर बंद. १३८ शब्द. एकही काढण्यासारखा नाही. फोटो आम्हा दोघांचा दिला. त्यात मी बरा आलोय. कारकुनानं विचारलं, यातले नक्की कोण? म्हटलं, वाचता येत असेल तर वाचा, सगळं लिहिलंय.

शुक्रवार, ८ मार्च. सकाळी ७.
फोटो माझा. एकट्याचा. वर मथळा 'दुःखद निधन', हा कारकुनाचा स्वतःचा. खाली माझं नाव, हुद्दा, अभ्यासू वृत्ती, शिस्त, मसुद्यांवरील प्रभुत्व. पन्नास शब्द तिथंच संपले. दादा एकावन्नाव्यापासून सुरू होणार होता. सभेची वेळ, जागा सगळं कापलं.
चूक सर्वस्वी कारकुनाची.

शुक्रवार, सकाळी ११.
ऑफिसातून एक फोन. एकच. हेडक्लार्कनं माझ्या बायकोला विचारलं, ऑफिसच्या कपाटाची किल्ली घरी राहिलीय का?

शुक्रवार, दुपारी २.
वहिनी आल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. कारकुनाबद्दल सविस्तर बोलणार होतो. त्यांनी पेपराची घडी घातली आणि म्हणाल्या, आता रविवारी कोण येणार हो, भाऊजी?

शनिवार, ९ मार्च.
पुतणीनं परस्पर दुसरी बातमी दिली. छापूनही आली. दादाचा फोटो, नाव, पुढे 'चष्मेवाले'. गेल्या शनिवारी गेले. उद्या सकाळी दहा, शाळेचा हॉल. शेवटी नुसतं 'या'. विशेषण एकही नाही. किराणा मालाची यादी यापेक्षा भारदस्त असते.
यावर कुणी फिरकणार नाही. तरी भाषण लिहितोय. रिकाम्या हॉलमध्ये कुणीतरी बोलायला हवं.

रविवार, १० मार्च. दुपारी १.
दहाला हॉल भरला. मग व्हरांडा, मग जिना. जिकडेतिकडे चष्मे. एकानं दादानं तीनदा जोडलेली काडी वहिनींना दाखवली. एक ड्रायव्हर म्हणाला, यांच्यामुळे नोकरी टिकली. वहिनी प्रत्येकाचा हात धरत होत्या. भाषणाचं मला कुणी विचारलं नाही.
दाराशी एका बाईंनी मला थांबवलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावून बघितलं. म्हणाल्या, अहो, पण तुम्ही तर परवाच गेलात ना?
आवाजात नवल होतं. आनंद नव्हता.
हे दादाला सांगितलं असतं तर पोट धरधरून हसला असता. सांगायला म्हणून खरंच मागे वळलो. मग रडू फुटलं, ते काही आवरेना. बसायला खुर्ची नव्हती.