ओली ताटली

बोरास, स्वीडन
९ ऑक्टोबर १९७३

ति. हिल्काआत्यास,
मिर्याचा शि. सा. न. वि. वि.

नवं घर मिळालं. सगळं आहे, फक्त सिंकवर आपल्यासारखं भांड्यांचं कपाट नाही. इथल्या बायका एकेक ताटली फडक्याने पुसत बसतात. बिनतळाच्या कपाटात जाळीवर ओली भांडी लावायची, दार लोटायचं, पाणी आपोआप खाली सिंकमध्ये गळतं, असं सांगितलं तर मलाच हसल्या. म्हटलं, बसा जन्मभर पुसत.

आई गेल्यापासून बाबांची पत्रं दोन ओळींची येतात: बरा आहे, बर्फ पडलं. ते नीट जेवतात का गं? तू दर रविवारी जातेस, बघून कळव. जेवत नसतील तर नोकरी गेली खड्ड्यात, मी येते.

माया आहे तशीच ठेव.
तुझी,
मिर्या


कुओपिओ, फिनलंड
२८ ऑक्टोबर

चि. मिर्यास अनेक आशीर्वाद.

तुझ्या बाबांना, आमच्या वैनोला, मूग गिळून बसायची खोड लहानपणापासूनची, आणि आमच्या घरात ती कुणाला नव्हती? जेवतोस का, असं तोंडावर विचारणं आपल्यात बरं दिसत नाही. म्हणून कप घ्यायच्या निमित्ताने मी कपाट उघडलं. एक ताटली, एक काटा, पाणी टपटपत होतं. आज पुन्हा पाहिलं, तेच. म्हणजे जेवतो.

कोट जरा ढगळ झालाय, पण या वयात माणूस आटतोच. तू येऊ नकोस. हातची नोकरी सोडू नकोस.

आत्याची आठवण असू दे.
हिल्का


बोरास
५ नोव्हेंबर

ति. आत्यास सा. न.

तुझं पत्र वाचून जीव भांड्यात पडला. बाबांना कपाटाची मापं लिहून पाठवायला सांगितलंय. सुतार माणूस, तेवढाच रमेल. रजा नाताळातच घेते.

तुझी,
मिर्या


कुओपिओ
१६ डिसेंबर

चि. मिर्यास आशीर्वाद.

वैनोच्या दफनानंतर तू माझ्यासमोर दोन तास बसलीस आणि माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. म्हणून लिहिते.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी मी तासभर आधी गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. वैनोने कपाटातून कोरडी ताटली काढली, नळाखाली धरली आणि परत जागेवर ठेवली. मग काटा. वळला तेव्हा मी दिसले. तो म्हणाला, "आइली गेल्यापासून घास उतरत नाही, हिल्का. पोरीला कळवू नकोस. सगळं टाकून येईल ती."

मी सूप नेऊ लागले. दोन चमच्यांवर तो जात नसे. तुला मात्र कळवलं नाही, त्याला शब्द दिला होता. तीन आठवड्यांत तो गेला. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. मला ठाऊक आहे कशानं थांबलं ते.

लोभ ठेव, असं लिहायला हात धजत नाही.
हिल्का


बोरास
२१ डिसेंबर

ति. आत्यास सा. न.

पत्र आल्यापासून मी तुझा राग राग करते आहे. आजही राग आहे, तो लवकर जाणार नाही. पण मीसुद्धा बाबांना कधी विचारलं नाही, तुलाच बघायला धाडलं.

आत्या, तूही तुझ्या घरात एकटीच असतेस. तू जेवतेस का? तुलाच विचारते आहे. खरं लिही.

मिर्या